रात्री तेरा, दिवसा बावन्न

६ नोव्हेंबर, गुरुवार

कौंडण्यपूरच्या यात्रेची जादा गाडी मारली आज. तिथली दहीहंडी कार्तिकात असते, आणि तिची गर्दी म्हणजे गर्दी! एक म्हातारी तर थेट इंजिनाच्या झाकणावर बसली आणि तिथून मलाच रस्ता सांगत राहिली. दिवसाउजेडी गेलो, दिवसाउजेडी आलो. गाडीला ओरखडा नाही. सव्वीस वर्षं चाक हातात आहे, उगाच नाही!

तरी परवा रात्रीचं मनातून जात नाही. अकोल्याहून परत येताना, मूर्तिजापूर सुटल्यावर, डाव्या बाजूने एक मोटारसायकलवाला एकदम पुढ्यात. कुठून उगवला देव जाणे! ब्रेक मारला, अख्खी गाडी झोपेतून उठली. सहदेव, माझा कंडक्टर, पुढे आला आणि हळूच म्हणाला, "गजूभाऊ, थो तं केव्हाचा बाजूनं चालून राहिला होता. दिसला नाही काय?"

म्हटलं, दिवा नव्हता त्याच्या गाडीला. सहदेव रस्त्याकडे पाहत तिथेच उभा राहिला. त्याचं ते उभं राहणं लागलं.

आमचे बाबा, नत्थुजी, पन्नाशी उलटल्यावर रात्री भिंत चाचपत चालायचे. मी चौपन्नचा. पुरे. झोपतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

ड्यूटी रात्रीची, म्हणून दुपार माझी. दुपारी विमान.

आमची लेक प्रणाली नोकरीला नागपूरला गेली आणि तिचा गेम खेळायचा तगडा कॉम्प्युटर इथेच राहिला. ज्योत्स्ना म्हणाली, विकून टाका. मी त्यात विमान उडवायचा सिम्युलेटर टाकून घेतला, हॉलमधला टीव्ही त्याला जोडला आणि खुर्ची पार टीव्हीच्या तोंडाशी नेली. आमच्या बायकोच्या मालिका बंद, नवऱ्याचं विमान सुरू. हे तिने अजून माफ केलेलं नाही.

सिम्युलेटर टाकून दिला अजहरने. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आधी माझ्या गाडीचा प्रवासी, आता विमानाचा भागीदार. त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी आमच्या भागावर नुसतं तपकिरी फडकं अंथरून ठेवलं होतं. जणू इथे माणसं राहतच नाहीत! आम्ही दोघांनी वर्षभर खपून त्यावर वऱ्हाड वसवला— अमरावतीजवळचा बेलोऱ्याचा विमानतळ, अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टी, मधली गावं, पाण्याच्या टाक्या, कापसाची जिनिंग, विहिरी, मोटरीच्या खोल्या. रस्ता मी सांगायचा, मांडायचं त्याने. याला सीनरी म्हणतात. महाराष्ट्रात कोणी आपल्या गावाची एवढी केली असेल तर दाखवा!

आजवर दिवसाच उडवलं. पोटासाठी रात्री जागतोच, मग हौसेलाही रात्र कशाला? पण आज म्हटलं, बघू. पडदे ओढले, सिम्युलेटरचं घड्याळ रात्री अकराला लावलं, बेलोऱ्याहून उडालो.

विमान चालेना. म्हणजे चालत होतं, पण तुटक तुटक. धावपट्टीचे दिवे एका जागी थांबायचे आणि एकदम पुढे उडी मारायचे. हात वळवला की नजरेला ते उशिरा कळायचं. घड्याळ दुपारी बारावर नेलं— झुळझुळ. पुन्हा अकरा— गचके.

दिवसा नीट, रात्री नाही. बाबांचंही असंच सुरू झालं होतं.

९ नोव्हेंबर

पुन्हा तेच. दिवसा लोणी, रात्री खडी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ज्योत्स्नाला शेजारी बसवून विचारावं का, तुलाही तुटक दिसतंय का? आणि ती म्हणाली, "नाही तं, चांगलं चालून राहिलं" तर? मग काय करायचं? रात्रीची गाडी हातून गेली की संपलं. रात्रीची अकोला माझी आहे. इतक्या वर्षांत ती कोणाला दिली नाही मी. डोळ्यांचं डेपोत कळलं तर एखाद्या टेबलामागे बसवतील पावत्या फाडायला. टेबलामागचा गजेंद्र कोणी पाहिलाय? मला तरी पाहायचा नाही.

म्हणून विचारलं नाही. पण तिला कळतंच. आज दुपारी विमान शिवणीच्या धावपट्टीशेजारच्या शेतात उतरवलं तेव्हा मी टीव्हीला शिव्या दिल्या. ती भाजी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "अवो, डोळे दाखवा एकदा."

म्हटलं, टीव्ही खराब आहे.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

जेवलो नाही नीट. डाळ तिखट होती हेही कारण आहेच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो! अकोल्याला मुक्काम होता, सकाळी एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. ज्योत्स्नाला सांगितलं नाही. पहिल्यांदा घाटात गाडी घेतली होती तेव्हासारखी भीती वाटत होती.

भिंतीवरची अक्षरं वाचा म्हणाले. वरची वाचली. मधली वाचली. सगळ्यात खालची, मुंगीएवढी— तीही वाचली! दोन्ही डोळ्यांनी, वेगवेगळं, चष्म्याशिवाय! तिथली पोरगी म्हणाली, "काका, मस्त आहे तुमची नजर." औषध टाकून आत अजून पाहायचं होतं त्यांना, दोनेक तास बसा म्हणाले. माझी परतीची गाडी होती. म्हटलं, पुढच्या वेळी. पुढची वेळ कशाला येते आता!

मुंगीएवढी अक्षरं वाचणाऱ्याला मोटारसायकल दिसणार नाही? दिवाच नव्हता त्याच्या गाडीला.

पण मग टीव्हीचा पडदा रात्री तुटतो का? डोळे चांगले, मग हे काय?

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजची तारीख सोन्याने लिहायला हवी!

दुपारी प्रणालीचा फोन. आडून आडून विचारलं— ते रात्रीचं विमान जरा अडखळतं काय गं? मला वाटलं ती म्हणेल, डोळे तपासा. ती म्हणाली, "बाबा, फ्रेम किती मिळून राहिल्या?"

मी म्हटलं, काय?

मग तिने समजावलं. पडदा म्हणजे काही वाहतं पाणी नाही. मशीन एकेक चित्र काढून समोर धरतं, भराभरा. सेकंदाला पन्नासेक चित्रं काढली तर आपल्याला सगळं सलग वाटतं. दहा-पंधरावर आलं की तुटक. त्या चित्राला फ्रेम म्हणतात. आणि कोपऱ्यात तिचा आकडा दाखवायची सोयही आहे! इतके दिवस मी उडवून राहिलो आणि मला माहीतच नाही. काखेत कळसा, गावाला वळसा.

फोन चालू ठेवून आकडा लावला. दुपारी बारा: बावन्न. रात्री अकरा: तेरा.

तेरा!

मग कुठे धीर झाला. ज्योत्स्नाला हाक मारली, खुर्चीत बसवलं. "हे पाह्य. तुले कसं दिसते?"

ती म्हणाली, "थांबून थांबून चालून राहिलं हे. बैल अडल्यावानी."

तिलाही दिसतंय! माझ्या डोळ्यांत काही नाही, मशीनमध्ये आहे! मी हॉलभर नाचलो. खरंच नाचलो. म्हटलं, ज्योत्स्ना, अंगणच वाकडं निघालं! ती हसली, मग पदराने डोळे पुसले. म्हणजे तिलाही धाकधूक होती, बोलली नव्हती इतकंच. मी पेढे आणले. कशाचे पेढे असं शेजारी विचारत होते. म्हटलं, तेरा फ्रेमचे!

रात्रीची अकोला आज वाऱ्यासारखी नेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आमच्या उडवणाऱ्यांचं एक मंडळ आहे, व्हॉट्सॲपवर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे आपापल्या घरी बसून एकाच आभाळात उडतात, इंटरनेटवरून. या महिन्यात पहिल्यांदा वऱ्हाड ठरलाय. आमची सीनरी! बेलोरा ते शिवणी, रात्रीचं उड्डाण.

तिथे मी लिहिलं, आमच्याकडे रात्री फ्रेम पडतात, कोणाला उपाय माहीत आहे का.

पुण्याचा विपुल हा मंडळाचा जाणकार. त्याने लगेच शिकवणी घेतली— "काका, रात्री फ्रेम वाढतात. सावल्या नसतात, लांबचं काही दिसत नाही, मशीनला काम कमी. तुमच्या सीनरीतच काहीतरी गोंधळ असणार. नाहीतर या वेळी आपण कोकण घेऊ या का?"

कोकण! समुद्र काढला की झालं, त्यात काय मांडायचं असतं? उंटावरून शेळ्या हाकतो हा माणूस. वऱ्हाड त्याने फार तर गाडीच्या खिडकीतून, तेही झोपेत पाहिला असेल.

पण "वाढतात" म्हणाला. आमच्या पडतात. म्हणजे आमच्या रात्रीत असं काहीतरी आहे जे त्याच्या रात्रीत नाही. काय?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अकोल्यात दिवसभर अजहरच्या दुकानात. झोप नाही, पण मजा.

पहिला संशय जुन्या शहरावर. अजहरने स्वतःच्या मोहल्ल्यात जीव ओतलाय. गल्लीगल्लीत खांब, मोर्णा नदीच्या पुलावर दिवे, चहाच्या टपरीवर ट्यूबलाइट. म्हटलं, तुझी रोषणाई जड झाली. तो चिडला. "भाऊ, चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राहिले तुमी." तरी बंद केले सगळे दिवे. तेरा. मग माझ्या अमरावतीच्या स्टँडावरचे बंद केले. तेरा. विमानतळाचे बंद केले, आम्ही दोघं आंधळ्यासारखे उतरलो. तेरा!

अजहरच्या बायकोने, जहाँआरा भाभीने, डबा पाठवला होता. आमचा अवतार पाहून डबा आणणाराही हसला. अजहर म्हणतो, चित्रं काढणारं ग्राफिक कार्ड नवीन घ्या. मी म्हणतो, दिवसा बावन्न देणारं कार्ड रात्री काय दारू पितं?

आजकाल सहदेवची एक गंमत. तिकिटं फाडून झाली की तो मागच्या सीटवर ताणून द्यायचा. आता पुढे येऊन माझ्या डाव्या अंगाला बसतो, अमरावती येईपर्यंत रस्ता पाहत. म्हटलं, झोप ना. "झोप येत नाही, भाऊ," म्हणतो. विमानाच्या गोष्टी ऐकायला येत असणार. मीही सगळं सांगतो त्याला, फ्रेमबिम.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं!! 

दुपारी पडदे ओढून बसलो. डोक्यात एक आलं— मी दरवेळी एकदम अकराच का लावतो? दिवस आणि रात्र, दोनच टोकं पाहतोय. मधलं बघू. गाडीचा आवाज बदलला तर आपण नुसतं "बिघडली" म्हणत नाही, कोणत्या गिअरमध्ये, कोणत्या चढावर, तेही पाहतो. तर घड्याळ संध्याकाळी सातला लावलं. काळोख. फ्रेम पन्नास! आठ वाजता, काळाकुट्ट, पन्नास. नऊ वाजता पन्नास. म्हणजे अंधाराचा काही संबंधच नाही! विपुलही चूक, मीही चूक.

साडेनऊ, पन्नास. पावणेदहा, पन्नास. दहा— तेरा.

दाणकन! पाय घसरून विहिरीत पडावं तसा आकडा.

अजहरला फोन लावला. म्हटलं, अंधार पडल्यावर नाही, बरोबर दहा वाजता पडतात. दहाला काय होतं रे?

 तो ओरडला, "दहा? अरे बाप्पा! दहाले तं लाईन येते!"

आता हे पुण्यात कोणाला समजणार नाही. आमच्याकडे शेतातल्या पंपाची लाईन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत दहाच्या सुमाराला येते. शेतकरी मोटरीच्या खोलीवर एक बल्ब टांगतो आणि त्याचं बटण कधी बंदच करत नाही. लाईन आली की बल्ब पेटतो. घरच्या ओट्यावरून दिसतो. माणूस उठतो, मोटर चालू करतो, हरभऱ्याला पाणी देतो. बल्ब उजेडासाठी नाहीच, तो निरोप्या आहे. मी रात्रीच्या गाडीवरून हेच पाहत आलो. काळोख, काळोख, आणि एका क्षणाला दोन्ही बाजूंचं अख्खं शिवार पेटतं. काय दिसतं ते! म्हणून मीच अजहरला म्हटलं होतं, विहिरींवर बल्ब लाव.

आणि अजहर! त्याच्या घरचं शेत बोरगावकडे. दुसऱ्या कोणी बल्ब सूर्य मावळला की पेटायला लावले असते. याने लाईनच्या वेळापत्रकावर लावले! कारण आमच्याकडे बल्ब अंधाराने पेटत नाही, लाईनने पेटतो. एवढा खरा माणूस! मला सांगायलाही विसरला, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

बरं, नुसते बल्ब नाहीत. प्रत्येक बल्ब खरा दिवा. त्याचा उजेड भिंतीवर पडणार, बाभळीवर पडणार, पाटाच्या पाण्यात चमकणार, आणि ते सगळं मशीनने सेकंदाला पन्नासदा काढायचं. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत, हजारो विहिरी, एकदम दहाला! कार्ड बिचारं काय करेल?

आम्ही दोघं फोनवर वेड्यासारखे हसलो. ज्योत्स्ना म्हणाली, "काय लग्न ठरलं काय कोणाचं?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

अजून एक प्रयोग केला आज. अजहरचं वेळापत्रक दिवसाच्या पाळीवर टाकलं, म्हणजे लाईन सकाळी येणार, रात्री नसणार. आणि घड्याळ भर दुपारी बाराला लावलं.

फ्रेम चौदा! रणरणत्या उन्हात बल्ब पेटलेले, कोणाला दिसत नाहीत, पण मशीन बसलंय हिशेब करत.

रात्री अकरा— एक्कावन्न.

दिवसा चौदा, रात्री एक्कावन्न! दोन्ही फोटो मंडळावर टाकले. खाली लिहिलं: "विपुलराव, तुमच्याकडे रात्र अंधारावर चालत असेल. वऱ्हाडात लाईनवर चालते."

 दहा मिनिटांनी विपुलचं आलं, "काका, दंडवत."

या दंडवताची चौकट करून लावावी की काय!

२३ नोव्हेंबर, रविवार

दुरुस्ती सुरू. अजहर म्हणाला, सोपं आहे, बल्बच काढून टाकू. मी म्हटलं, खबरदार! बल्बाशिवाय वऱ्हाडची रात्र म्हणजे मिठाशिवाय वरण. भांडलो. थोडं हिंदीतही भांडलो, तो चिडला की तिकडे वळतो.

शेवटी तोड निघाली. विमानाच्या अगदी जवळच्या विहिरीवर खरा दिवा. बाकी सगळीकडे नुसता रंगवलेला पिवळा ठिपका, लहानसा. वरून पाहिलं तर बल्बासारखाच, पण मशीनला त्याचा काही भार नाही. अजहर आठवडाभर बसणार. दुकानाचं काम पडून आहे. भाभी मला शिव्या देत असणार, देऊ दे.

२७ नोव्हेंबर

रात्री, लाईनच्या वेळी, एकोणपन्नास ते एक्कावन्न. लोणी! दिवसा लोणी, रात्री लोणी!

ज्योत्स्नाने पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरचं काढलं. "औषध टाकून पाहणार होते म्हणे ना?" अकोल्याच्या दवाखान्याची चिठ्ठी खिशात सापडली तिला. म्हटलं, बाई, कशासाठी? मुंगीएवढी अक्षरं वाचली. तुटत होतं ते मशीन होतं, तूच पाहिलंस. आता मशीनही बरं झालं. तिने चिठ्ठी घडी करून कपाटात ठेवली. जिंकलो!

३० नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस माझा. माझा आणि अजहरचा!

संध्याकाळी मंडळातली सगळी विमानं बेलोऱ्यावर रांगेत. सुट्टी काढली होती. प्रणाली नागपूरहून ऐकत होती, अजहर दुकानाचं शटर अर्धं ओढून. सिम्युलेटरच्या रेडिओवर मी पुढारी. पुण्या-मुंबईची, कोल्हापूरची पोरं "काका, आता कुठे वळायचं?" विचारतात आणि मी सांगतोय! घड्याळ पावणेदहाला लावलेलं. बडनेरा मागे टाकलं, खाली काही नाही, नुसता काळोख. एकजण म्हणाला, "काका, इथे काहीच नाही की." म्हटलं, थांब.

दहा वाजले. लाईन आली.

खालचं अख्खं शिवार पेटलं. मग कोणीतरी "अरे बापरे" म्हणालं, मग सगळेच बोलायला लागले. एकाचीही फ्रेम पडली नाही. मूर्तिजापूर, बोरगाव, पुढे अकोला. शिवणीला मी पहिला उतरलो, धावपट्टीच्या मधोमध, कप ठेवावा इतक्या अलगद. मागून एकेक करून सगळे. अजहर रेडिओवर येऊन फक्त "शुक्रिया, शुक्रिया" म्हणत राहिला. मी टीव्हीला हात जोडले.  लपवायचं कशाला?

मंडळाने ठरवलं, वऱ्हाड आता कायमचा. विपुलने लांबलचक लिहिलं. "रात्रीच्या उड्डाणांत याहून सुंदर काही पाहिलं नाही. शिवणीला उतरताना समोर धावपट्टी आणि डावीकडे ती बल्बांची लांब रांग, थेट कडेपर्यंत. काका, अंगावर काटा आला."

वाचून छाती फुगली. मग पुन्हा वाचलं. डावीकडे? माझ्याकडे डावीकडे उतरताना काळं होतं, एक ठिपका नाही. अजहरने सगळ्यांना नवी सीनरी दिली आणि मला अर्धवट! उद्या झापतो त्याला.

१ डिसेंबर, सोमवार

अजहरला फोनवर झापलं. तो म्हणाला, "भाऊ, सगळ्याईले एकच दिली." मी आवाज चढवला. ज्योत्स्ना स्वयंपाकघरातून आली, माझ्यामागे उभी राहिली. पडदे ओढून मी पुन्हा टीव्हीवर शिवणीला उतरत होतो. तिने टीव्हीच्या डाव्या कडेवर बोट टेकवलं आणि वर सरकवत गेली. "हा काय बल्ब. हा काय. हा काय. हा काय."

मान वळवली की आहेत. धावपट्टीकडे पाहिलं की नाहीत. पुन्हा पुन्हा केलं. फ्रेम एक्कावन्न.

आज रात्रीची अकोला घेतली नाही. डेपोत जाऊन सांगितलं, मला रात्री बाजूचं दिसत नाही. सहदेव तिथेच होता. त्याने माझा हात धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही.